सहीनंतर आलेल्या स्लाइड्स

अकानिसी रोकोवादा पॅथॉलॉजीत गेली ती आवडीने नव्हे, संतापाने. उत्तरेच्या बेटावरच्या एका लहान दवाखान्यात ती नवी नवी डॉक्टर होती, तेव्हा एका शाळामास्तरांच्या मानेतली गाठ तिने तपासायला पाठवली होती. अहवाल अकरा आठवड्यांनी आला. रोगाचं नाव अचूक होतं आणि त्या रोगावर औषधही होतं. पण मास्तरांना पुरून तेव्हा दहा दिवस झाले होते. त्यांच्या बायकोला तो कागद दाखवायचा कसा, या विचारात तो आठवडाभर तिच्या खिशात राहिला आणि शेवटी तिने तो दाखवलाच नाही. ती गाठ इतके दिवस कुठे पडली होती, असं तिने फोन करून विचारलं. पलीकडचा माणूस म्हणाला, "बाई, अख्ख्या देशात या गाठी बघणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. एवढी घाई असेल तर तुम्हीच या की बघायला!"

ती खरंच गेली.

फिजीची राजधानी सुवा, तिच्या बाहेर लामीच्या टेकडीवर सेंट आन्सेल्म नावाचं मिशनचं रुग्णालय आहे. तिथे त्याच वर्षी पॅथॉलॉजीची चार वर्षांची रेसिडेन्सी सुरू व्हायची होती. मुलाखत घेतली विभागप्रमुख डॉ. अपेनिसा रावुलो यांनी. उंचेपुरे, शांत आवाजाचे, रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारे गृहस्थ. कादावू बेटावरच्या ज्या गावातून अकानिसीची आई लग्न होऊन आली, त्याच गावचे. म्हणजे नात्याने मोमो, मामाच. त्यांनी तिला सगळं नीट समजावून सांगितलं. प्रत्येक स्लाइड मी तुझ्या शेजारी बसून बघेन, आठवड्यातून दोनदा शिकवणी, तिसऱ्या वर्षी सहा महिने ब्रिस्बेन. आणि रेसिडेंटच्या शब्दावर कुठलाही अहवाल बाहेर जाणार नाही, आधी माझे डोळे, मग माझी सही.

अकानिसी हरखून गेली. आईला मात्र ते काही रुचलं नाही. "सात वर्षं डॉक्टरकी शिकलीस ती मढी फाडायला? जिवंत माणसं तुला चावतात का गं?"

"जिवंत माणसांसाठीच आहे ते, आई."

"मग एकही जिवंत माणूस तुला ओळखणार का नाही?"

पुढे तिला कळलं की आईचं चुकलं नव्हतं.

रेसिडेन्सी म्हणजे काय, हे तिला डॉ. रावुलोंनी नाही, मुनिअम्मा गाउंडरने शिकवलं. मुनिअम्मा एकतीस वर्षं त्या प्रयोगशाळेत मांसाच्या तुकड्यांचे मेणात ठोकळे करून त्यांचे पातळ काप काढत होती. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप पाण्यावर तरंगवायचा आणि काचेवर अलगद उचलायचा, यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. जिभेलाही तशीच धार. पहिल्या दिवशी अकानिसी फॉर्मॅलिनच्या वासाने डोळे पुसत उभी राहिली, तेव्हा ती म्हणाली, "रडून घ्या डॉक्टर, आठवडाभर चालेल. त्यानंतर रडलात तर ते वासामुळे नसेल."

पहिली दोन वर्षं तशीच गेली. ऑपरेशनमधून बादलीतून आलेलं आतडं उलगडायचं, मोजायचं, कुठला तुकडा ठोकळ्यात घालायचा ते ठरवायचं. माणूस टेबलावर भुलीत असताना सर्जनचा फोन यायचा, वीस मिनिटांत सांगा, गाठ वाईट की साधी. शवागारात उभं राहून पाय भरून यायचे. मग काही महिने रक्तपेढी, काही महिने जंतूंची प्रयोगशाळा, आणि पुन्हा मायक्रोस्कोप. हे सगळं तिला आवडायला लागलं होतं, हे कुणाला सांगायलाही तिला लाज वाटे. गुलाबी-जांभळ्या पेशींच्या त्या गर्दीत एखादी पेशी वाकड्या वळणाची आहे, हे तिच्या डोळ्यांना आता लांबूनच जाणवायचं.

फक्त शेजारच्या खुर्चीवर कुणी नसायचं. तिथे दोघांनी एकदम बघायचा मायक्रोस्कोप होता, त्याच्या दुसऱ्या बाजूच्या भिंगांवर धूळ बसलेली. डॉ. रावुलो सभेत, डॉ. रावुलो मंत्रालयात, डॉ. रावुलो परदेशी पाहुण्यांबरोबर. अकानिसी मसुदा लिहून संगणकात ठेवायची. ते संध्याकाळी येऊन सह्या करून जायचे.

"अगं, तू तर भाची त्यांची," मुनिअम्मा डिवचायची. "तुमच्यात भाची मामाकडे काहीही मागू शकते ना? डुक्कर माग, होडी माग."

"मला एक स्लाइड बघून हवीय, अम्मा. डुक्कर मिळालं असतं एव्हाना."

तिसऱ्या वर्षीच्या मार्चमध्ये लोसालिनी नावाच्या बाईची बायोप्सी आली. वय एकेचाळीस, नौसोरीच्या बाजारात खेकडे आणि अळूची पानं विकणारी. स्तनात लिंबाएवढी गाठ. सुईने काढलेले चार धाग्यांसारखे तुकडे. अकानिसीने ते दोन तास बघितले. बरंचसं साधंच दिसत होतं, पण एका टोकाला मोजून सात-आठ पेशी अशा होत्या की त्यांच्यावरून तिची नजर हलेना. तिने मसुद्यात लिहिलं: 'संशयास्पद. निदान राखून ठेवलं आहे. ठोकळ्यातून आणखी खोल काप मागवले आहेत.' आणि मंगळवारी दुपारी मुनिअम्माच्या वहीत मागणी नोंदवली, खोल काप, तीन.

नेमक्या त्याच आठवड्यात रेसिडेन्सीला मान्यता देणारी समिती पाहणीला येणार होती. बुधवारी डॉ. रावुलोंनी खोळंबलेली सगळी प्रकरणं संगणकावर काढली. एक्केचाळीस होती. ती त्यांनी तासाभरात संपवली. गुरुवारी अकानिसीची बदली रक्तपेढीत झाली, ती इमारत टेकडीच्या खालच्या अंगाला. जाताना ती मुनिअम्माला म्हणाली, "ते काप झाले की सरांच्या टेबलावर ठेव." शुक्रवारी काप झाले. मुनिअम्माने तिन्ही स्लाइड्स पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये घालून वर लाल रबरबँड लावला आणि ट्रे सरांच्या टेबलावर नेऊन ठेवला. समितीतल्या पाहुण्यांना त्या दिवशी लोव्हो, जमिनीतल्या भट्टीत भाजलेलं जेवण, खिलवला. त्यांनी विचारलं, रेसिडेंटच्या प्रत्येक कामावर वरिष्ठांची नजर असते ना? अकानिसीही त्या खोलीत होती. ती गप्प राहिली. दोन वर्षं मान्यतेची वाट पाहिली होती. मान्यता मिळाली नाही तर तिची दोन्ही वर्षं पाण्यात गेली असती. ती गप्प राहिली ही गोष्ट तिने नंतर कुणापासून लपवली नाही, आणि स्वतःला माफही केली नाही.

नोव्हेंबरात ती परत मुख्य प्रयोगशाळेत आली. दुसऱ्याच आठवड्यात ऑपरेशनमधून एक आख्खा स्तन तिच्या टेबलावर आला. सुरी घालायची गरजच नव्हती, मुठीएवढी दगडासारखी गाठ हाताला लागत होती. काखेतल्या गाठीही टणक. डब्यावरचं नाव वाचून ती थांबली. लोसालिनी. नौसोरी.

तिने हातमोजे काढले आणि जुना अहवाल उघडला. त्यात तिचे शब्द नव्हते. 'साधी गाठ. कर्करोग नाही.' खाली सही डॉ. अपेनिसा रावुलो, बुधवार. तिचं 'संशयास्पद', तिचं 'राखून ठेवलं आहे', तिची खोल कापांची मागणी, सगळं पुसलेलं.

"अम्मा," तिने हाक मारली, "मार्चमधले खोल काप कुठे आहेत?"

मुनिअम्मा काही न बोलता आत गेली आणि ट्रे घेऊन आली. रबरबँड तसाच होता. आठ महिन्यांत उष्म्याने वितळून पुठ्ठ्याला चिकटला होता, तो नखाने खरवडून काढावा लागला. अकानिसीने पहिली स्लाइड भिंगाखाली सरकवली. शोधायला लागलंच नाही. कॅन्सर होता, आणि असा की पहिल्या वर्षाच्या पोरानेही ओळखला असता.

"बघितलंच नाही कुणी," मुनिअम्मा म्हणाली. "सोमवारी ट्रे माझ्याकडे परत आला. प्रकरण संपलंय, कपाटात टाक, असा निरोप. मला वाटलं, बघून झालं असेल."

"मीसुद्धा एक फोन केला असता तर..."

"हो, केला असतास तर बरं झालं असतं," मुनिअम्माने सरळ सांगून टाकलं. "पण सही तुझी नाही."

चौकशी केल्यावर आणखी एक गोष्ट कळली, आणि तिथे अकानिसीचं डोकं फिरलं. महिन्यापूर्वी लोसालिनीची दुसरी बायोप्सी झाली होती. ती खुद्द डॉ. रावुलोंनी बघून 'कर्करोग' असा अहवाल दिला होता. जुना अहवाल त्याच पडद्यावर, त्याच नावाखाली असतो. तो त्यांनी पाहिला नसेल, हे शक्यच नव्हतं. महिनाभर हा माणूस जाणून होता आणि रोज सकाळी प्रसन्न चेहऱ्याने "बुला" म्हणून नमस्कार करत होता.

ती थेट त्यांच्या खोलीत गेली. दार लावलं नाही.

"सर, लोसालिनीचा माझा मसुदा तुम्ही का बदललात?"

त्यांनी चष्मा काढला. "बस, बाळ."

"मी उभी आहे ती बरी आहे."

"चार डॉक्टरांचं काम मी एकटा करतो. नजरचूक होते. मी तुला दोष देत नाही."

"मला? मला दोष? मी संशयास्पद लिहिलं होतं!"

"ते आता कुठे दिसत नाही ना." ते मायेने म्हणाले. "हे बघ, अधीक्षकांना काहीतरी लेखी द्यावं लागेल. रेसिडेंटकडून पहिल्या वाचनात सुटलं, एवढंच लिहू. शिकणाऱ्याकडून चूक झाली तर कुणी त्याला फासावर देत नाही. माझ्याकडून झाली म्हटलं तर विभाग बंद पडेल. मग गाठी कोण बघणार? लोसालिनीच्या घरी मी रीतीप्रमाणे माफी मागायला माणसं पाठवली होती. त्यांनी माफी स्वीकारली. झालं गेलं मिटलं."

"काय सांगितलं त्यांना?"

"पोरीकडून नजरचूक झाली, असं."

तो खुलासा आधीच टाइप होऊन टेबलावर पडला होता. अकानिसीने तो कागद उचलला, त्यावर तिच्या सहीसाठी जागा सोडली होती. तो चार घड्या करून तिने खिशात घातला. "हा माझ्याकडेच राहू दे, मामा," ती म्हणाली. त्या इमारतीत तिने त्यांना मामा म्हटलं ते पहिल्यांदा आणि शेवटचं.

शनिवारी ती बसने नौसोरीला गेली. लोसालिनी बाजारात नव्हती. तिची बहीण खेकड्यांच्या जुड्या मांडून बसली होती, तिने घर दाखवलं. लोसालिनी चटईवर उशीला टेकून बसली होती, एक हात पोटाशी धरून. अकानिसीने कमरेला गुंडाळलेला सुलू सावरून जमिनीवर बैठक मारली आणि आपलं नाव सांगितलं.

"हां," लोसालिनी म्हणाली, "ती नजरचूकवाली पोरगी तूच का?"

"बाई, मी तुम्हाला काय झालं ते सांगायला आले आहे."

आणि तिने सगळं सांगितलं. सात-आठ पेशी, मागितलेले काप, बुधवारची सही, शुक्रवारच्या स्लाइड्स, न उघडलेला ट्रे. समितीसमोर आपण गप्प बसलो आणि नंतर एक फोनही केला नाही, हेही. बहीण दारात उभी राहून ऐकत होती.

"मार्चमध्येच होता म्हणजे," लोसालिनी अखेर म्हणाली. "तेव्हा लिंबाएवढी होती."

"हो."

"चार म्हातारे आले होते इथे. माफीचा म्हणून देवमाशाचा दात पुढे ठेवला, मान खाली घालून बसले. घेतला मी. दारात आलेल्या वडीलधाऱ्यांना परत कशी पाठवू? पण चुकलं काय, ते त्यांनाच ठाऊक नव्हतं गं! बिचारे नुसतीच माफी मागत होते. मी म्हटलं, डॉक्टरांकडून होतं असं, जाऊ द्या." तिचा आवाज चढला. "मी त्याला 'जाऊ द्या' म्हटलं! माझ्या तोंडून वदवून घेतलं त्याने!"

"मी खरंच माफी..."

"तुझी माफी तुझ्याकडे ठेव. घरात ठेवायला जागा नाही आता माफ्यांना. मला कागद दे. मार्चमध्ये होता, असं ज्यावर लिहिलंय तो. आहे तुझ्यात हिंमत?"

कागद देणं इतकं सोपं नव्हतं. रेसिडेंटच्या एकटीच्या सहीला काडीचीही किंमत नव्हती. सोमवारी अकानिसीने रजा टाकली, तिन्ही स्लाइड्सच्या पेटीसाठी मुनिअम्माकडे रीतसर पावती लिहिली आणि बेटाच्या दुसऱ्या टोकाला, लौतोकाला बस धरली. तिथे डॉ. फ्लोरेन्स येई नावाच्या एक निवृत्त पॅथॉलॉजिस्ट राहायच्या. सत्तरी ओलांडलेल्या, गुडघे गेलेल्या, पण परवाना अजून चालू होता. त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर आपला जुना मायक्रोस्कोप लावला, पहिली स्लाइड बघितली, दुसरी बघितली, तिसरी बघायची तसदी घेतली नाही.

"अपेनिसा माझा विद्यार्थी," त्या म्हणाल्या. "हात चांगला होता त्याचा. कधीपासून डोळे मिटून सही करतो?"

"मी आले तेव्हापासून."

"आणि तू कधीपासून गप्प आहेस?"

"तेव्हापासूनच."

म्हातारीने कागद ओढला आणि आपलं मत लिहून खाली ठसठशीत सही केली. अकानिसीला चहासुद्धा विचारला नाही.

रुग्णालयाची बैठक डिसेंबरात भरली. टेबलावर डॉ. येईंचा कागद होता, मार्चमध्ये कॅन्सर होताच असं सांगणारा. अधीक्षक, सर्जन, मिशनचे दोन प्रतिनिधी आणि कोपऱ्यात अकानिसी. डॉ. रावुलोंनी शांतपणे सांगितलं, रेसिडेंटचा मसुदा चुकीचा होता, मी विश्वासाने सही केली, विश्वास हाच माझा दोष. दोघातिघांनी माना डोलावल्या. पुसलेला मसुदा संगणकात मिळत नव्हता, म्हणजे अकानिसीच्या बोलण्याला आधार नव्हता. अधीक्षक तर म्हणाले, "पोरी, एवढे मोठे गृहस्थ तुझ्यासाठी स्वतःकडे दोष घेतायत, आणि तू आवाज चढवतेस?"

तेवढ्यात मुनिअम्मा आत आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. तिच्या काखेत कापांची वही होती. तिने ती अधीक्षकांपुढे उघडून एका ओळीवर बोट ठेवलं.

"वाचा साहेब, मोठ्याने. खोल काप तीन, मागणी डॉ. अकानिसी, मंगळवार. काप तयार, शुक्रवार. आता तुमच्या अहवालावरचा वार बघा. बुधवार. साधी गाठ वाटली असती तर हिने आणखी काप कशाला मागितले असते? आणि शुक्रवारी तयार झालेल्या स्लाइड्स साहेबांनी बुधवारी कुठल्या डोळ्यांनी बघितल्या?"

डॉ. रावुलो वहीकडे न बघता म्हणाले, "गाउंडर, तुम्ही प्रयोगशाळेत जा."

"जाते. एकतीस वर्षं जातेच आहे." ती दाराशी वळली. "आणि त्या दिवशी साहेबांनी एक्केचाळीस सह्या केल्यात. बाकीच्या चाळीस कुणी तपासणार आहे का?"

ते चाळीस अहवालही तपासावे लागले. त्यातले दोन चुकीचे निघाले. अकानिसीने समितीलाही पत्र लिहिलं, आपण पाहणीच्या दिवशी गप्प राहिलो हे पहिल्याच वाक्यात. सेंट आन्सेल्मला मिळालेली मान्यता गेली. त्याबरोबर अकानिसीची तीन वर्षंही गेली. शिकवलंच नाही तर शिक्षण मोजायचं कसं, असं समितीने कळवलं. चूक झाकणाऱ्याला आणि ती उघड करणारीला त्यांनी एकाच कागदात उत्तर दिलं. डॉ. रावुलो 'प्रकृतीच्या कारणास्तव' निवृत्त झाले. निरोपाला हार, वाद्यवृंद, बिशपांचं भाषण. वर्तमानपत्रात फोटो. त्याखाली देशातल्या पॅथॉलॉजीचे शिल्पकार असं छापलेलं. मुनिअम्माला मात्र वही कार्यालयाबाहेर नेल्याबद्दल लेखी समज मिळाली. ती तिने ठोकळ्यांच्या कपाटावर चिकटपट्टीने लावून ठेवली.

अकानिसीने ब्रिस्बेनला पहिल्या वर्षापासून सुरुवात केली. पस्तिसाव्या वर्षी, तिच्याहून दहा वर्षांनी लहान पोरांबरोबर. तिथे दुसऱ्या खुर्चीवर रोज कुणीतरी बसायचं. पहिले काही दिवस शेजारून "हं, पुढे सरकव" असा आवाज आला की तिला भरून यायचं, मग त्याचाही राग यायचा.

डॉ. येईंच्या मतावरून दुरुस्त झालेला अहवाल लोसालिनीला मिळाला. तो घेऊन तिने मिशनकडून उपचार मिळवले, तेही प्रत्येक वेळी दारात बसून, आवाज चढवून. ती आणखी तीन वर्षं जगली. त्यातली दोन बाजारात. सर्जन म्हणाले, मार्चमध्ये पकडला असता तर कदाचित म्हातारी झाली असती. कदाचित, हा शब्द अकानिसीने खूप दिवस चघळला.

लोसालिनी गेल्यावर महिनाभराने आईचा फोन आला. बराच वेळ डालोच्या, म्हणजे अळकुड्यांच्या, लागवडीबद्दल आणि बोटीच्या वेळांबद्दल बोलून आई मुद्द्यावर आली. "अपेनिसा आपल्याकडे आलाय. खचलाय गं फार. तुझ्याशी बोलायचं म्हणतो, माफी मागायची म्हणतो. कितीही झालं तरी मामा आहे तुझा."

"आई, ते लोसालिनीकडे गेले होते का? स्वतः? कधी एकदा तरी?"

आईने बाजूला कुणालातरी हळूच विचारलं. मग म्हणाली, "नाही गेला."

"तिची बहीण अजून नौसोरीला बसते. मंगळवार ते शनिवार, दुसऱ्या रांगेत. आधी तिच्यासमोर जाऊन बसू देत. काय केलं ते स्वतःच्या तोंडाने सांगू देत."

"आणि मग बोलशील?"

"मग बघू," अकानिसी म्हणाली, आणि आईला विचारलं की या वर्षी डालोला कीड लागली का.